मृत्युपत्र सापडले, पुढे काय?

महोदय,

घरातले माणूस गेल्यावर कपाटात मृत्युपत्र सापडले की आता सगळे सुरळीत होणार, असे वाटते. काकांच्या वेळी आम्हालाही तसेच वाटले होते. पण पुढे प्रोबेट घ्यावे लागले. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे न्यायालयीन शिक्कामोर्तब. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच ‘सिद्ध करणे’. शेक्सपिअरने मार्च १६१६ मध्ये मृत्युपत्रावर सह्या केल्या, एप्रिलमध्ये तो गेला आणि २२ जूनला ते सिद्धही झाले. आमच्या फाइलला त्याच्या कितीतरी पट वेळ लागला!

दोष बराचसा आमचाच. चुलतभावाने इस्पितळाचे बिल भागवायला काकांच्या कार्डाने पैसे काढले. हेतू चांगला, पण खातेदार गेल्यावर ते पैसे मयताच्या मालमत्तेतले. बहिणींच्या मनात संशय शिरला, तो आजही गेलेला नाही. शिवाय वाटण्यांची बोलणी आधी आणि देण्यांचा हिशेब नंतर, असा उलटा कारभार. कर्जे आणि कर मालमत्तेतूनच फेडायचे असतात. उरेल त्याची वाटणी. निष्पादकाने, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याने, हे विसरून वाटप केले, तर भरपाई त्याच्या खिशातून होऊ शकते. हे काम हौसेने अंगावर घेणाऱ्या थोरल्या भावांना कोणी सांगत नाही.

मूळ मृत्युपत्राच्या टाचण्याही काढू नयेत. रिकामी भोके दिसली की एखादे पान गहाळ आहे का, असा प्रश्न निघतो. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रमाणित प्रती एकदमच जास्त घ्याव्यात, हे आम्हाला तिसऱ्या खेपेला कळले.

– एक वाचक