सरांचा व्हिडिओ आणि त्यातला तू

प्रिय मित्रा,

स.न.वि.वि. असं लिहिलं की तू चिडतोस, म्हणून मुद्दाम लिहिलं. तब्येत बरी आहे. मान अधूनमधून धरते, डॉक्टर म्हणतात खुर्ची बदला, खुर्ची तीच आहे. तुझ्या मेलना उत्तर दिलं नाही त्याबद्दलच्या शिव्या भेटल्यावर घाल, इथे जागा नाही. काल रात्री जे बघितलं ते दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

सरांनी व्हिडिओचं खूळ घेतलंय. अनुदानाच्या अर्जात ‘प्रसार’ नावाचा एक रकाना असतो. आजवर तिथे आपण ‘परिषदांमध्ये सादरीकरण’ असं ठोकून द्यायचो, आता म्हणे तेवढ्यावर भागत नाही. म्हणून दीड मिनिटाचा व्हिडिओ. आपल्या सॉफ्टवेअरचा. हो, तेच, एकाच ग्रंथाच्या वेगवेगळ्या प्रती शेजारी ठेवून पाठभेद काढणारं, जे तू सुट्टीत गंमत म्हणून सुरू केलंस आणि माझ्या गळ्यात मारून पळालास.

संहिता सरांनीच लिहिली. ‘आजच्या माहिती-तंत्रज्ञानाच्या युगात’ इथून सुरुवात. सावकाश वाचलं तर दीड मिनिटात दोनेकशे शब्द बसतात. सरांनी चार पानं पाठवली. शिवाय सुरुवातीला दहा सेकंद नुसती गरगर फिरणारी बोधचिन्हं. म्हटलं, सर, लोक पहिल्या दहा सेकंदांतच पळतात. सर म्हणाले, ‘ज्यांना जायचंय ते जाऊ देत.’ वर्गातही हेच म्हणायचे आणि अर्धा वर्ग जायचाही. त्यात पहिला तू.

बरं, बोधचिन्हं शेवटी ढकलली, चार पानांची पाऊण केली आणि कामाला लागलो. स्क्रीन रेकॉर्ड करायला ओबीएस, कापाकापीला केडेनलाइव्ह, आवाजाला ऑडॅसिटी. सगळं मुक्त स्रोत, नाहीतर तू बोलणं टाकलं असतंस. पण सबटायटलनी रडवलं. मराठी अक्षरं टाकली की ऱ्हस्व वेलांटी आपल्या व्यंजनाला सोडून पलीकडे जाऊन उभी राहायची आणि जोडाक्षरांच्या तंगड्या मोडून मधे हलन्त लोंबायचा. ‘विद्यार्थी’ हा शब्द तर अपघातातून उचलून आणल्यासारखा दिसत होता. फॉन्टचा दोष नव्हता. नोटो सान्स देवनागरी बिचारा शहाणा आहे. पण अक्षरं नुसती ओळीने मांडून चालत नाही, आकार जुळवणारं काहीतरी मधे लागतं, आणि माझ्या आवृत्तीत मजकूर चितारणारा भाग ते न विचारताच पुढे जात होता. शेवटी सबटायटलची वेगळी फाइल केली आणि आकार जुळवणारं हार्फबझ वापरणाऱ्या वाटेने चित्रावर उतरवली, तेव्हा ‘विद्यार्थी’ आपल्या पायावर उभा राहिला.

मग संगीत. इथे तुझी आठवण दात-ओठ खात काढली. आपलं ते भांडण आठवतंय ना, कोडला परवाना जीपीएलचा की एमआयटीचा? मी एमआयटीवाला, म्हणत होतो, लोकांना काय करायचं ते करू दे, अटी कशाला. आणि तू जीपीएलसाठी कँटीनचं टेबल बडवत होतास की घेतलंस तर पुढेही तसंच मोकळं द्यायला हवं. आता ऐक. मला एक छान सतारीचा तुकडा मिळाला, परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा, सीसी बाय-एसए ४.०. म्हटलं, श्रेय दिलं की झालं. मग परवाना नीट वाचला. हलत्या चित्राशी संगीत काळ जुळवून जोडलं की त्या परवान्याप्रमाणे ती संगीताची नवी घडण धरली जाते. म्हणजे एसए असेल तर अख्खा व्हिडिओ त्याच अटीवर द्यायचा, आणि एनडी, म्हणजे ‘बदल करून वाटू नका’, असेल तर असा व्हिडिओ लोकांपुढे ठेवताच येत नाही. सर म्हणत होते, ‘नेटवर आहे म्हणजे वापरायला आहे.’ मी मुकाट्याने व्हिडिओवरही बाय-एसए लावलं. इतक्या वर्षांनी, कोडमध्ये नाही तर सतारीत, तू भांडण जिंकलास. हसून घे.

आता काल रात्रीचं. शेवटचे पंधरा सेकंद भरायचे होते. सरांची ओळ होती, ‘जगभरातील संशोधकांच्या समुदायाने घडवलेले’. यावर दाखवायचं काय? हसऱ्या चेहऱ्यांनी लॅपटॉपकडे बघणाऱ्या माणसांच्या त्या विकाऊ क्लिपा मला नको होत्या. त्यातला एक जण तर बंद लॅपटॉपकडे बघून हसत होता. मग गोर्स आठवलं. गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची आपली वही, तिच्यातला सगळा इतिहास ते झाडासारखा रंगवतं. फांद्या म्हणजे फोल्डर, ठिपके म्हणजे फायली, आणि प्रत्येक योगदानकर्ता एक छोटी आकृती होऊन झाडाभोवती उडत असतो. ज्या फायलीला हात लावला तिच्यावर त्याच्याकडून एक झोत पडतो. आपलं कोडचं भांडार लावलं आणि बघत बसलो.

पहिले कितीतरी क्षण पडद्यावर फक्त तू. एकटा. एक फाइल, दोन फायली, मग तुझा तो प्रसिद्ध पुनर्लेखनाचा वेडेपणा. सगळं झाड एका झोतात गायब आणि लगेच दुसरं उगवलं. मी ओरडलोसुद्धा, ‘अरे बॅकअप घे!’ मग मी आलो, घाबरत घाबरत, नुसत्या मदतफायलीभोवती घिरट्या घालत. मग बराच काळ आपण दोघं. गोर्समध्ये काही करेनासा झालेला माणूस हळूहळू विरून जातो. तुझी आकृती जागच्या जागी थांबली, फिकी झाली, गेली. त्यानंतर मी आहे आणि कोण आहे माहितीये? आपण वापरतो त्या इतरांच्या लायब्रऱ्यांच्या आवृत्त्या आपोआप वाढवणारा तो बॉट, माणूस नव्हे, प्रोग्रॅम. दिवस नाही रात्र नाही, नुसता झोत मारतोय. समुदाय!

बाकी सरांना आकडा हवा होता. मी म्हटलं, पाच योगदानकर्ते. मग लक्षात आलं की तू दोन माणसं दिसतोयस, एक प्रयोगशाळेच्या ईमेलचा आणि एक घरच्या. मेलमॅप फाइल टाकून तुला एक केलं आणि चार उरले. त्यात एक बॉट आणि एक जण फक्त स्पेलिंग दुरुस्त करून गेलेला. सर म्हणाले, ‘दोनच राहू दे की त्याला.’

तर प्रश्न असा आहे. या धंद्यात ‘बस फॅक्टर’ म्हणतात ना, किती माणसं बसखाली आली की प्रोजेक्ट थांबेल. आपला एक आहे आणि तो एक मी, मान धरलेला. आणि मी काय करतोय, तर आणखी लोक ओढून आणणारी जाहिरात. माणसं येतील, उतरवून घेतील, मग तक्रारी लिहितील, ‘तातडीचे’ असं वर घालून. सोडवायला बसणार कोण? जाहिरातीनं वापरणारे वाढतात रे, सांभाळणारे वाढत नाहीत. हे सरांना सांगितलं तर ते म्हणतात, ‘ते पुढचं पुढे.’ पुढचं म्हणजे माझा रविवार.

मी त्यांना हार्टब्लीडचं सांगून पाहिलं. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली, म्हणजे नेटवरची देवाणघेवाण कुलूपबंद करणाऱ्या सॉफ्टवेअरमधली, ती भेग सापडली तेव्हा कुठे जगाला कळलं की अर्ध्या इंटरनेटचं कुलूप मोजक्या माणसांच्या जिवावर आहे. सर म्हणाले, आपलं काही कुलूप नाही. तेही खरं. पाठभेद चुकला तर फार तर कुणाचा प्रबंध चुकेल. (फार तर! तू असतास तर इथे टेबल बडवलं असतंस.)

म्हणून मी शेवटची ओळ बदलून ठेवलीय. ‘या सॉफ्टवेअरची देखभाल सध्या एक माणूस करतो. दुसरा हवा आहे.’ त्याखाली गोर्सचं चित्र, तू विरतोस आणि मी एकटा उरतो तिथलं, अजिबात वेग न वाढवता. सरांना ऐकवलं तर म्हणाले, ‘जाहिरातीत रडगाणं कोण गातं?’ आणि मला सॉफ्टवेअरसोबतची तुझी मूळ वाचा-फाइल (रीडमी) आठवली. पहिलंच वाक्य, ‘हे अजून नीट चालत नाही.’ तेव्हा मीच तुझ्याशी भांडलो होतो की असं कोण लिहितं. ते वाक्य अजून आहे. कितीदा तरी काढायला गेलो, काढवलं नाही. आणि खरं सांगू, जे थोडे लोक टिकले ते तेच वाचून टिकले. एका बाईंनी तर लिहिलं होतं, ‘नीट चालत नाही म्हणता, पण कुठे चालत नाही ते इतकं नीट कुणी सांगत नाही.’

पण दुसरी बाजूही डोक्यात फिरते. २०२४ मधलं एक्सझेडचं, त्या फायली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचं, प्रकरण वाचलंस ना? एकटा थकलेला देखभालकर्ता, त्याच्यावर इकडून तिकडून दबाव, आणि मदतीला धावून आलेला तो गुणी माणूस. दोन-अडीच वर्षं शहाण्यासारखं काम करून त्याने चोरून आत शिरायला मागचं दार बसवलं. सापडलं तेही एका अभियंत्याला लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय हे खटकलं म्हणून. मी जाहीरपणे ‘एकटा आहे, या’ म्हणालो तर कोण येईल? आपल्याकडे चोरण्यासारखं काही नाही हे ठाऊक आहे, तरी रात्री अडीचला ते पटत नाही.

तिसरा रस्ता ब्लेंडरवाल्यांचा, त्या थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरवाल्यांचा. २००२ मध्ये लोकांकडून एक लाख युरो जमवून त्यांनी ते सॉफ्टवेअर मोकळं करून घेतलं, आणि पुढे २००६ पासून त्यात स्वतःच लघुपट करायला लागले, कच्च्या फायलींसकट वाटून टाकले. जाहिरात तीच आणि चाचणीही तीच. लघुपटाला जे लागलं ते सॉफ्टवेअरमध्ये आलं. मला वाटतं आपणही बढाई मारण्यापेक्षा एखादी अवघड प्रत घ्यावी आणि आपलं सॉफ्टवेअर कुठे अडखळतं ते दाखवावं. सध्या स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये तुलनेची चाळीस मिनिटं कापून तीन सेकंद केलीत. कोपऱ्यात ‘वेळ कमी करून दाखवला आहे’ असं घातलंय, पण ते सरांना न विचारता, आणि बारीक अक्षरात. मोठं करू का?

तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, पडद्यावर तुझं नाव चालेल का? चालणार नसेल तर झाकतो, पण मग ती आकृती कुणाची म्हणून लोक विचारतील. दुसरं, ती शेवटची ओळ तू म्हणशील? माझ्या आवाजात ती भीक मागितल्यासारखी वाटते आणि सरांच्या आवाजात उद्घाटनासारखी. तू सोडून गेलेला माणूस, तुला काही मागायचं नाहीये, म्हणून तुला शोभेल. परत ये असं म्हणत नाहीये हां. म्हटलं तरी तू येणार नाहीस, आणि आलास तर पहिल्याच दिवशी सगळं पुन्हा लिहायला घेशील.

तुझं कसं चाललंय? नवी नोकरी मानवतेय ना? वहिनींचा प्रबंध जमा झाला असेल, अभिनंदन सांग. पोरगी बोलायला लागली म्हणे, तुझ्यासारखं बोलणार असेल तर कठीण आहे. आईंचं ऑपरेशन नीट पार पडलं हे बोक्याकडून कळलं, फोन करीन.

अर्ज शुक्रवारी जातोय, त्याआधी कळव.

तुझाच,
योगदानकर्ता क्रमांक दोन

ता.क. आवाज पाठवणार असशील तर पंखा बंद कर आणि कपड्यांच्या कपाटापाशी उभा राहून बोल, घुमत नाही. सुरुवातीला चार-पाच सेकंद गप्प राहा, त्या शांततेवरूनच ऑडॅसिटीला खरखर ओळखता येते. तुला ते जमणार नाही माहितीये, तरी प्रयत्न कर. आणि ‘प’ म्हणताना माइकपासून तोंड जरा बाजूला. वेव्ह फाइलच पाठव, व्हॉट्सॲपवर ढकलू नकोस.