काकूंना जाहीर आभारपत्र

आदरणीय काकूंस,
सा. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानू लागलो की आपण चहाचे आधण ठेवायला उठून जाता, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहीत आहे. शिवाय, जर्मनीत नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांचा आपल्याला केवढा आधार आहे, हे इतरांनाही कळावे.

आम्ही बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये आलो तेव्हा लागणाऱ्या कागदांची यादी आमच्याजवळ होती; कोणता कागद कोणत्या कागदावाचून अडतो, हे मात्र तिच्यात नव्हते. घरमालकाच्या सहीचा दाखला असल्याशिवाय आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, होत नाही. ती राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करावी लागते. ती झाली की 11 आकडी कर क्रमांक टपालाने येतो, आणि तो वेळेत कंपनीकडे पोहोचला नाही तर सर्वांत जड अशा सहाव्या करवर्गाने पगारातून कपात होऊ शकते. हा सारा क्रम आपण पहिल्याच भेटीत एका पाकिटाच्या पाठीवर लिहून दिलात, आणि पत्रपेटीवर दोघांचीही आडनावे आजच्या आज लावा, असे बजावलेत. (पेटीवर नाव नसले तर पत्र सरळ परत जाते, हे पोस्टमनला तीन पिढ्या नावाने ओळखणाऱ्या गावातल्या माणसाला कसे सुचावे?)

पुढे व्हिसाची मुदत संपण्याआधी निवास परवान्यासाठी अर्ज केला, पण निर्णय लांबला आणि हाती तात्पुरता कागद पडला. त्याच सुमारास बहिणीचे लग्न ठरले. तिकीट काढण्याआधी त्या कागदावर खूण कोणत्या चौकटीत आहे ते पाहा, असे आपण सांगितलेत: निवास कायद्याच्या कलम 81 मधील चौथ्या पोटकलमापुढे असेल तर भारतात जाऊन परत येता येते, तिसऱ्यापुढे असेल तर त्या कागदावर परतता येत नाही. आमची खूण चौथ्यापुढे होती. तरीही थेट जर्मनीत उतरणारे विमान आपण घ्यायला लावलेतच.

परंतु आपले सर्वांत मोठे उपकार आहेत ते मुलीच्या जन्माच्या वेळचे. डोहाळजेवणाला आपण आलात, हिची ओटी भरलीत आणि हातातले तबक खाली ठेवता ठेवताच आमचे जन्मदाखले पाहायला मागितलेत. बाळ जन्मले की आठवड्याच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवावे लागते आणि तेथे आईवडिलांचे जन्मदाखले व विवाहाचा दाखला मागतात, हे तोवर आमच्या ध्यानीमनी नव्हते. हिच्या दाखल्यात नावाचा रकाना कोरा होता. जन्माची नोंद बारशाआधीच झालेली, आणि पुढे सगळीकडे शाळा सोडल्याचा दाखला चालून गेल्यामुळे त्या रकान्याची आठवण कोणालाच झाली नव्हती. सासऱ्यांनी नगरपालिकेत खेटे घालून नाव चढवून घेतले. ते पासपोर्टवरील नावाशी अक्षरन्‌अक्षर जुळले पाहिजे, असे आपण फोनवरून त्यांना स्वतः समजावलेत. नाहीतर वडिलांचे नाव पासपोर्टवर आहे आणि दाखल्यावर नाही, असा नवा घोळ झाला असता. मग शपथबद्ध अनुवादकाकडून जर्मन भाषांतर करून घेतले.

भारतातील जर्मन दूतावास आपल्या दाखल्यांवर प्रमाणीकरणाचा शिक्का देत नाहीत. येथील कार्यालयाने विचारल्यास ते त्यांची तिकडे पडताळणी करवून घेतात, आणि त्यात महिने जातात. तोवर आईवडिलांची ओळख सिद्ध झालेली नाही असा शेरा असलेला नोंदीचा उतारा मिळू शकतो. तो पाहून घाबरायचे नाही, त्यावरही पुढची कामे सुरू होतात, हे आपण आधीच सांगून ठेवले होते. तसाच उतारा आला, आणि बाळंतिणीच्या खोलीत रडारड झाली नाही याचे श्रेय आपलेच. मुलीच्या निवास परवान्यासाठी सहा महिन्यांच्या आत आणि भारतीय दूतावासातील नोंदीसाठी वर्षाच्या आत अर्ज करायचा, या दोन्ही तारखा आपण आमच्या ऑर्डनरच्या, म्हणजे कागदपत्रांच्या फायलीच्या, पहिल्या पानावर लाल शाईने लिहिल्यात.

एक तक्रारही नोंदवतो. टर्मिनला, म्हणजे कार्यालयातील ठरलेल्या भेटीच्या वेळी, आपण सोबत आलात, शेजारी बसलात, पण माझी जर्मन कितीही अडखळली तरी तोंडातून शब्द काढला नाहीत. तेव्हा ते कठोर वाटले होते. आता माझी जर्मन भाषेची बी1 (मध्यम पातळीची) परीक्षा झाली आहे, त्यामुळे ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या निवास परवान्यावर, 27 ऐवजी 21 महिन्यांनीच कायम निवासासाठी अर्ज करता येईल. तेव्हा ती तक्रार मागे घेतली असे समजावे.

आमच्या वरच्या मजल्यावर पुढील महिन्यात नाशिकचे एक जोडपे राहायला येत आहे. त्यांच्या आनमेल्डुंगचे आणि पत्रपेटीचे मी पाहीन. जन्मदाखले तपासायला मात्र त्यांना आपल्याकडेच पाठवीन.

आपला कृतज्ञ,
खालच्या गल्लीतला भाडेकरू