दाणे आपले, फिल्म परक्यांची : विज्ञान व तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : पिझोइलेक्ट्रिक पॉलिमर फिल्मसाठी पुण्यात सामायिक सुविधा उभारण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

मी पुण्यात पदार्थविज्ञान शिकवतो आणि विद्यार्थ्यांसोबत सेन्सरवर काम करतो. मागणी एकच आहे, ती आधीच सांगतो. पीव्हीडीएफ या पिझोइलेक्ट्रिक, म्हणजे दाबल्यावर वीज निर्माण करणाऱ्या पॉलिमरची (प्लास्टिकची) फिल्म ताणून, पोलिंग करून (म्हणजे तिच्यावर मोठा विद्युतदाब लावून), तिच्यावर इलेक्ट्रोड चढवून देणारी एक सुविधा सरकारने उभारावी आणि महाविद्यालयांना व लहान उद्योजकांना ती शुल्क भरून वापरता यावी.

दाबल्यावर वीज निर्माण करणारे स्फटिक क्युरी बंधूंनी 1880 मध्येच दाखवले होते. प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यातही हा गुण जोरकसपणे आणता येतो, हे जपानच्या कवाई यांनी 1969 मध्ये दाखवले. पीव्हीडीएफच्या साखळीत एका बाजूला फ्लोरिन आणि दुसऱ्या बाजूला हायड्रोजन असे अणू बसले, की प्रत्येक कडीला विजेची दिशा मिळते. पण नुसत्या वितळवून थंड केलेल्या पॉलिमरमध्ये या दिशा एकमेकींना खोडून काढतात. म्हणून फिल्म साधारण 80 अंश सेल्सियसला मूळ लांबीच्या चार-पाच पट ताणायची आणि मग तिच्यावर मोठा विद्युतदाब लावून सगळ्या दिशा एकीकडे वळवायच्या. दर मायक्रॉनला 50 ते 100 व्होल्ट, म्हणजे 28 मायक्रॉनच्या फिल्मला जवळपास दीड ते पावणेतीन हजार व्होल्ट. फिल्ममध्ये धुळीचा एक कण किंवा हवेचा एक बुडबुडा राहिला तरी ठिणगी पडते, भोक पडते आणि तो तुकडा टाकून द्यावा लागतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, हाताने ताणलेल्या फिल्मवर हे रोजचेच आहे.

याच टप्प्यावर आपली गाडी अडते. पीव्हीडीएफचे दाणे गुजरातमध्ये दहेजला तयार होतात. ते बॅटरीत जातात, रंगात जातात. सेन्सरसाठी लागणारी पोल केलेली फिल्म मात्र आम्ही परदेशातून मागवतो. ऑर्डर छोटी असली की पुरवठादार दाद देत नाही, आणि कस्टममधून पाकीट सुटेपर्यंत विद्यार्थ्याचे सत्र संपलेले असते.

एवढा आटापिटा कशासाठी, असे आपण विचाराल. ही फिल्म मनगटावर चिकटवून योग्य अ‍ॅम्प्लिफायर जोडला, की ऑसिलोस्कोपवर नाडीचा मोठा उंचवटा आणि त्यामागोमाग येणारा छोटा उंचवटा वेगवेगळे दिसतात. पहिल्यांदा ते पाहणारा विद्यार्थी बराच वेळ पडद्यासमोरून हलत नाही. दाबल्यावर वीज देणाऱ्या सिरॅमिकच्या चकतीला मनगटाच्या वळणाला असे बिलगता येत नाही. शिवाय नेहमीच्या पीझेडटी (लेड झिर्कोनेट टायटॅनेट) सिरॅमिकमध्ये वजनाने निम्म्याहून अधिक शिसे असते. एका न्यूटनच्या बलामागे मिळणारा विद्युतभार सिरॅमिकमध्ये कितीतरी जास्त असतो, हे खरे आहे. पण पीव्हीडीएफचा ध्वनिरोध, म्हणजे ध्वनिलहरींना होणारा अडथळा, पाण्याच्या आणि आपल्या शरीराच्या बराच जवळचा आहे. म्हणून सोनोग्राफीच्या यंत्रातून पाण्यात नेमका किती दाब जातो, हे मोजायला जगभर पीव्हीडीएफचेच हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातल्या ध्वनिलहरी टिपणारे सेन्सर वापरतात. आपल्याकडे तालुक्याच्या गावीही सोनोग्राफी पोचली आहे. ती यंत्रे तपासण्याची साधने आपल्याला इथेच का बनवता येऊ नयेत?

धूळ मोजण्यासाठीही ही फिल्म अवकाशात गेली आहे. कॅसिनी आणि न्यू होरायझन्स या यानांवर ती होती. कण आदळला की त्या ठिकाणचे पोलिंग नष्ट होते आणि विजेचा एक ठोका मिळतो.

एक मर्यादा मात्र आपल्याला माहीत असायला हवी, कारण ती लपवून प्रस्ताव येतील. ही फिल्म दाबातला बदल मोजते, स्थिर दाब मोजत नाही. साठलेला विद्युतभार झिरपून जातो. पुलावरून गेलेल्या ट्रकचा हादरा ती उत्तम टिपेल, पण हळूहळू खचणारा खांब तिला कळणार नाही. या एकाच सेन्सरच्या भरवशावर पूल सुरक्षित ठेवण्याची हमी कोणी देत असेल, तर त्याला मंजुरी देऊ नये.

आता उलट बाजू. वीज दिली की फिल्म हलते, पण साध्या पीव्हीडीएफची हालचाल अगदी थोडी असते. त्याच्याच एका कोपॉलिमरवर (दुसरा घटक साखळीत गुंफून बनवलेल्या पॉलिमरवर) इलेक्ट्रॉनांचा मारा केल्यास वीज दिल्यावर त्याच्या आकारात सुमारे 4 टक्के बदल होतो, हे 1998 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले. शरीरात रांगत जाणाऱ्या कॅथेटरपासून (नळीपासून) बोटाला स्पर्शाची जाणीव देणाऱ्या पडद्यापर्यंत अनेक कल्पना तिथून सुरू होतात. असा मारा करणारे यंत्र आपल्याकडे नवी मुंबईत, खारघरच्या इलेक्ट्रॉन बीम केंद्रात आहे.

आणि इथेच खरी मेख आहे. पॉलिमरचे ज्ञान पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, आपल्या अखत्यारीत. इलेक्ट्रॉनिक पदार्थांचे काम करणारी सी-मेट तिच्यापासून थोड्याच अंतरावर पाषाण भागात, पण इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाखाली. खारघर अणुऊर्जा विभागाकडे. तिन्ही ठिकाणी उत्तम माणसे आहेत. मधला टप्पा, म्हणजे दाण्यापासून फिल्म, हे मात्र कोणाच्याच कामाच्या यादीत नाही. तो टप्पा शोधनिबंधात बसत नाही आणि बाजार लहान असल्यामुळे कारखानदारही त्यात पैसे घालत नाही. म्हणून तो सरकारनेच उचलायला हवा.

सुविधेत बनणाऱ्या प्रत्येक बॅचसोबत तिचे मोजलेले गुणांक, म्हणजे किती दाबाला किती विद्युतभार मिळतो यांचे आकडे, लेखी द्यावेत. त्याशिवाय उद्योजक तिला हात लावणार नाही. युरोपात 2023 पासून फ्लोरिनयुक्त रसायनांवर व्यापक बंदीचा प्रस्ताव विचाराधीन आहे आणि पीव्हीडीएफ त्याच्या कक्षेत येतो. त्यामुळे उरलेल्या तुकड्यांच्या विल्हेवाटीचा खर्च पहिल्या अंदाजपत्रकातच धरावा, आणि फ्लोरिन नसलेल्या, वनस्पतिजन्य पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिडच्या फिल्मवरही त्याच यंत्रांवर काम व्हावे.

पहिले पाऊल म्हणून तिन्ही विभागांच्या शास्त्रज्ञांची आणि सेन्सर बनवू पाहणाऱ्या उद्योजकांची एक बैठक आपण पुण्यात बोलवावी. आमच्या विद्यार्थ्यांनी ताणलेल्या फिल्म, भोके पडलेल्या तुकड्यांसकट, मी त्या बैठकीला घेऊन येईन.

आपला विश्वासू,
पदार्थविज्ञानाचा एक अध्यापक, पुणे