तोडफोडीचं कोटेशन वाचताना

इंदिरानगर, नाशिक
रविवार

प्रिय मिलिंद,

इथल्या तुमच्या जुन्या घरातल्या तोडफोडीची तू पाठवलेली तिन्ही कोटेशनं मिळाली. ३८,०००, ७२,००० आणि ९६,०००. घर एकच, काम एकच. पहिला ठेकेदार बोलायला सरळ वाटला, त्यालाच काम देऊन टाकू का, असं तू विचारलंस. अरे, इतक्यात नको. तो लबाड आहे असं मला म्हणायचं नाही. त्याने नेमकं किती काम धरलंय, हे त्या कागदावरून कळत नाही. ‘संपूर्ण तोडफोड लमसम’, म्हणजे सगळ्याची मिळून एकच रक्कम, या तीन शब्दांत काय काय आलं आणि काय राहिलं, हे उद्या त्याला विचारलंस तर तो एक सांगेल आणि काम सुरू झाल्यावर दुसरं. तेव्हा फरशी उखडलेली असेल आणि तुला मागे फिरता येणार नाही.

बांधकामाच्या बिलिंगच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. घर फोडायला फारसे पैसे लागत नाहीत. फोडलेलं खाली उतरवायला आणि शहराबाहेर न्यायला लागतात. ब्रेकर मशीन घेतलेली दोन माणसं तुमची सगळी फरशी झटपट उचकटून काढतील. पुढचं काम बिगाऱ्यांच्या पाठीवर असतं, आणि तुमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. म्हणून कोटेशनमध्ये मी आधी मलब्याची ओळ शोधतो. ती नसेल तर वरची रक्कम कितीही कमी असो, मी ती धरत नाही.

तू पाठवलेल्या मापांवरून काल रात्री हिशेब मांडला. तू स्वतः एकदा करून बघ, अवघड काही नाही.

आतली मोझॅकची फरशी ५२० स्क्वेअर फूट. फरशी इंचभर जाड आणि तिच्याखाली दोन इंच माल, असा तीन इंचांचा थर निघणार. म्हणजे १३० घनफूट. बाथरूम आणि संडास मिळून जागा जेमतेम ४० स्क्वेअर फूट, पण तिथे संक आहे. त्या काळच्या बांधकामात संडास-बाथरूमचा स्लॅब खाली ओतायचे आणि पाइप टाकून तो खड्डा वीटतुकड्यांच्या कोब्याने भरायचे. फूटभर खोली धरली तर ४० घनफूट भराव तोच, आणि भिंतीच्या टाइल्स त्यांच्या मालासकट १२ घनफूट. हॉल आणि स्वयंपाकघरातली साडेचार इंची भिंत, दहा फूट लांब आणि साडेनऊ उंच, दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसह ४४ घनफूट. ओटा, कडप्पा आणि त्यावरच्या टाइल्स धरून आणखी १०. बेरीज २३६ घनफूट.

शंभर घनफुटांचा एक ब्रास, तेव्हा हे झालं सव्वादोन ब्रासच्या थोडं वर. पण बांधलेली भिंत जेवढी जागा घेते, त्यापेक्षा फुटलेली भिंत बरीच जास्त घेते. तुकड्यांमध्ये पोकळी राहते. दीडपटीच्या जरा आत धरलं तरी गाडीत भरताना ते ३३० घनफूट होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण ब्रासभर माल बसतो, म्हणजे चार खेपा. वजनाचं म्हणशील तर घनफुटाला सरासरी ५५ किलो धरून १३ टनांच्या आसपास. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत बत्तीसेक किलो भरला तर चारशे गोण्या. तिसऱ्या मजल्यावरून, त्या अरुंद जिन्यातून, एकेक करून.

हा आकडा डोळ्यांपुढे ठेव आणि पहिलं कोटेशन पुन्हा वाच. त्यात मलब्याचा उल्लेख नाही. समजा गोणीमागे ४० रुपये उतरवणी लागली, तर १६,००० झाले. ट्रॉलीच्या खेपेला ३,००० धरले, तर १२,०००. म्हणजे ३८,००० चे ६६,००० इथेच झाले, आणि संकचा भराव त्यात आहे की नाही हे अजून विचारायचंच आहे. दुसऱ्याने ७२,००० मध्ये मलबा ‘तळमजल्यापर्यंत’ असं स्पष्ट लिहिलंय. हा माणूस मला आवडला, निदान कुठे थांबणार ते सांगतो. पण त्याच्यावरही गाडीचा खर्च चढवावा लागेल, मग तो ८४,००० वर जातो.

तिसऱ्याने सगळं धरलंय. संक, मलबा, गाडी, जिना धुणंसुद्धा. मात्र त्याच्या फरशीच्या ओळीत ७६० स्क्वेअर फूट आहेत. हा आकडा तुमच्या खरेदीखतातल्या बिल्टअपचा आहे. त्यात भिंती आल्या, बाल्कनी आली. फोडायची फरशी ५२० च आहे. त्याचा दर २८ रुपये, म्हणजे २४० फुटांचे ६,७२० रुपये उगाच चढलेत. त्याला तसं सांग. कामाचा माणूस असेल तर टेप घेऊन येईल आणि दुरुस्त करून देईल. न मोजताच वाद घालायला लागला, तर पुढेही प्रत्येक बिलात तेच होईल.

शिवाय त्याने खाली बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’ लिहिलंय. अशा कामावर १८ टक्के लागतो. आकडा दुरुस्त केल्यावरही ८९,२८० वर सोळा हजारांची भर पडेल. त्याचा जीएसटी नंबर कोटेशनवर आहे का ते बघ. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या लहान ठेकेदाराला नोंदणीची सक्ती नसते, पण मग त्याला कर लावून पैसे घेताही येत नाहीत. नंबर नाही आणि कर मात्र मागतोय, असं चालवून घेऊ नकोस.

आता पैशांपेक्षा महत्त्वाचं. हॉलची ती भिंत काढायचीच असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी आण आणि त्याच्याकडून लेखी घे. तुमची बिल्डिंग आरसीसी फ्रेमची आहे, म्हणजे भार कॉलम-बीमवर, साडेचार इंची भिंत बहुधा नुसता आडोसा असणार. पण त्या भिंतीवर स्वयंपाकघरातला सामान ठेवायचा आरसीसी माळा टेकलाय, हे तुझ्या फोटोत मला दिसलं. माळा कोणाच्या आधारावर आहे ते न बघता खालची भिंत काढली, तर तो मजुरांच्या डोक्यावर येईल. तिन्ही ठेकेदारांपैकी एकानेही माळ्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही, याची मला खरी काळजी वाटते. माळा काढायचा ठरला तर सळया कापाव्या लागतील, त्याचा दर वेगळा लिहून घे. कॉलम-बीमला छिन्नीही लावू द्यायची नाही, वायरिंगच्या खाचेसाठीसुद्धा नाही. तुझ्या मेव्हण्याचं सिडकोतलं घर बघून तू म्हणाला होतास की तिथे दोन भिंती सहज काढल्या. अरे, सिडकोत पुष्कळ घरं भिंतींवर उभी आहेत. तिथला दाखला तुमच्याकडे लावू नकोस आणि तुमचा तिथे लावू देऊ नकोस.

दुसरी गोष्ट, जी कोणी ठेकेदार आपणहून सांगत नाही. फोडलेला माल एका खोलीत साठवू द्यायचा नाही. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचा भार धरून केलेला असतो. सुट्या मलब्याचा फूटभर उंच ढीग त्याच जागेवर चारशे किलोंच्या वर जातो. गाडी एकदम बोलावता यावी म्हणून हे लोक दोन-तीन दिवसांचा सगळा माल हॉलच्या मधोमध रचतात, कमरेइतका. खाली पाटील काकू राहतात. कोटेशनमध्ये एक ओळ घालून घे: रोजचा मलबा रोज खाली उतरणार. यासाठी तो हजार-दोन हजार जास्त मागेल, ते दे. नव्या टाइल्सची खोकी आली की तीही भिंतीच्या कडेने, वेगवेगळ्या खोल्यांत ठेवायला सांग.

आणि खाली उतरलेला माल कुठे जाणार, हे विचारल्याशिवाय सही करू नकोस. आमच्या शेजारच्या सोसायटीत मागे एकाने फक्त ‘खाली आणणे’ ठरवलं होतं. गोण्या गेटजवळ पडून राहिल्या, उन्हाने फाटल्या आणि पहिल्या पावसात सगळी वाळू गटारात जाऊन ते तुंबलं. कित्येक ट्रॉल्या रात्री नासर्डी नदीच्या काठाला रिकाम्या होतात, हे तू आणि मी दोघांनी पाहिलंय. २००८ चा पूर आठवतो ना? नदीचं पात्र अरुंद करत जायचं आणि पाणी घरात आलं की नशिबाला बोल लावायचा, हे मला सहन होत नाही. बांधकामाचा राडारोडा वेगळा ठेवायचा, गटारात-रस्त्यावर टाकायचा नाही आणि ठरलेल्या जागीच द्यायचा, ही जबाबदारी ज्याच्या घरातून तो निघाला त्याची, हे केंद्राने २०१६ सालीच नियमांत घातलं. म्हणजे ती तुझी आहे, ट्रॉलीवाल्याची एकट्याची नाही. कुठे टाकायचा ते महापालिकेच्या विभागीय कार्यालयात विचार आणि ती जागा कोटेशनमध्ये लिहून घे. गाडीचा नंबर आणि भरलेल्या ट्रॉलीचा फोटो मागायलाही संकोच नको.

काम उक्तं, म्हणजे रक्कम आधी ठरवून, द्यायचं की रोजावर, असंही तू विचारलंस. तू पुण्यात, दिवसभर उभं राहायला इथे कोणी नाही, म्हणून उक्तंच. फक्त संकमध्ये खाली काय निघेल ते आज कोणालाच दिसत नाही. भराव फुटापेक्षा खोल निघाला, तर त्या वाढीचा घनफुटाचा दर आधीच ठरवून ठेव. भराव काढून झाला की स्लॅब झाडून घे आणि मला कळव, मी येऊन बघतो. काकूंच्या छताला जी ओल दिसते तिचं मूळ तिथेच सापडेल असं मला वाटतं. वॉटरप्रूफिंगवाल्याने तो उघडा स्लॅब बघितल्याशिवाय वर काही भरू द्यायचं नाही.

भंगाराचं बोलून घे. जुन्या ग्रिल, ॲल्युमिनियमच्या खिडक्या, पितळी नळ, तांब्याच्या वायरी, सगळ्याला भाव आहे. ठेकेदार ते आपलं समजूनच चालतात. दिलंस तरी हरकत नाही, पण मग रकमेतून वजा करून घे. सागवानी चौकटी मात्र देऊ नकोस. अण्णांनी त्या समोर उभं राहून घडवून घेतल्या होत्या, आणि तसं लाकूड आज परवडत नाही. मार्करने प्रत्येकीवर ‘ठेवणे’ लिहून टाक, फोटो काढ आणि ती यादी कोटेशनला जोड. भिंतीला ब्रेकर लावण्याआधी चौकटीच्या कडा कटरने मोकळ्या करायला सांग, म्हणजे त्या हादरणार नाहीत.

पैसे निम्मे आगाऊ देऊ नकोस. थोडी रक्कम सुरुवातीला, मोठा हिस्सा फोडकाम संपल्यावर, आणि शेवटचा वीसेक टक्के गाडी जाऊन जिना धुतल्यावरच. ही शेवटची रक्कम हातात असली की गेटजवळ गोण्या राहत नाहीत.

सोसायटीला अर्ज दिलास का? कामाच्या वेळा त्यातच लिही. दुपारी एक ते चार ब्रेकर बंद ठेवायचा. वरच्या मजल्यावर जोशी काकांना दमा आहे, त्यांच्याशी तू स्वतः फोनवर बोल. फोडताना पाणी मारायला सांग आणि दाराला ओलं पोतं लावायला सांग. ती धूळ मजुरांच्याही छातीत जाते, तेव्हा मास्क ठेकेदाराने दिले नाहीत तर तू आण. बाल्कनीवरचे सिमेंटचे जुने पत्रे मात्र फोडू देऊ नकोस. त्यांत ॲस्बेस्टॉस असतं. बोल्ट काढून, ओले करून, अख्खे उतरवायचे. हे कोणत्याच कोटेशनमध्ये नाही, वेगळं लिहून घ्यावं लागेल.

पाडव्याला गृहप्रवेश करायचा म्हणतोस, तर फार वेळ नाही. सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात गाड्या आणि माणसं दोन्ही अडकलेली आहेत, पण म्हणून घाईत सही नको. मी मापांचा एक तक्ता करून सोबत पाठवतोय. तोच तिघांना दे आणि म्हणाव, प्रत्येक ओळीपुढे तुमचा दर लिहा, मलब्याची, गाडीची, माळ्याची आणि पत्र्यांची ओळ सोडू नका. तक्ते परत आले की मला पाठव. माझा कल दुसऱ्याकडे आहे, पण तो माळ्याबद्दल काय म्हणतो त्यावर ठरवू. शनिवारी इंजिनिअर येणार असेल तर किल्ली पाटील काकूंकडे ठेव, मी हजर राहतो.

तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. त्यांच्या देवघराचा कोनाडा हॉलच्या त्याच भिंतीत आहे, तेव्हा काढण्याआधी त्यांच्याशी बोलून घे.

तुझा,
अविनाश