बायला पत्र: आठवड्यातले तीन दिवस

गुहागर,
माघ वद्य एकादशी

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, सोळा दिवस झाले, एकही दिवस चुकवला नाही." तुझा आवाज इतका आनंदी होता की मी तेव्हा काही बोललो नाही. मग फोन ठेवता ठेवता तू सांगितलंस की जिना उतरताना नडगीत जरा दुखतं. त्या एका वाक्याने मला रात्री झोप लागली नाही. फोनवर हे सगळं नीट सांगून होत नाही, म्हणून लिहितोय.

तू पळायला लागलीस हे मला मनापासून आवडलं. दिवसभर खुर्चीत बसून काम, जेवणाच्या वेळेचा पत्ता नाही, त्यातून तू पहाटे उठून बूट घालतेस हे सोपं नाही. थांब असं मी सांगत नाही. रोज पळू नकोस, आठवड्यातून तीनच दिवस पळ, एवढं सांगतोय. ते का, हे कळायला माझी एक गोष्ट तुला सांगायला हवी. तुला ती अर्धीच माहीत आहे.

मी भरतीला गेलो होतो आणि पायामुळे राहून गेलं, इतकं तू आजीकडून ऐकलं आहेस. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. पोलीस भरतीचं ग्राउंड दीड महिन्यावर आलं होतं आणि मी त्याआधी कधी धड पळालो नव्हतो. मग सकाळ-संध्याकाळ, दोन्ही वेळा समुद्रावर. आपल्या सुरूच्या बनापासून निघायचं, जमेल तितकं लांब जायचं आणि परत यायचं. पहिला आठवडा छाती फुटेल असं वाटायचं. दुसऱ्या आठवड्यात दम पुरायला लागला आणि मला वाटलं, जमलं. अंतर वाढवलं. बाराव्या-तेराव्या दिवशी उजव्या नडगीत खालच्या बाजूला दुखायला लागलं. आईने तेल चोळलं, मी फडकं बांधलं आणि पळत राहिलो. एक दिवस चुकला तर कमावलेलं सगळं जाईल अशी भीती होती. अगदी तुझ्यासारखीच.

ग्राउंडच्या दिवशी दुसऱ्या राऊंडला पाय टेकवेना. मैदानाच्या कडेला बसलो तो उठलोच नाही. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, त्यात काहीच दिसलं नाही. मुरगळलं असेल म्हणून घरी पाठवलं. तीन आठवड्यांनी पुन्हा काढला तेव्हा हाडावर बारीक रेघ आणि तिच्याभोवती नवं हाड धरल्याचा फुगवटा दिसला. हाडाला पडलेली अशी चीर सुरुवातीला एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, ती भरायला लागली की दिसते. दोन महिने पाय जपला. पुढच्या भरतीला वय निघून गेलं.

पाय एवढा का बिघडला, हे मला पुढे वाडीतल्या पोरांची तयारी घेताना, वाचून आणि डॉक्टरांना विचारून कळलं. माणूस पळायला लागला की सगळं अंग एका वेगाने तयार होत नाही. दम सगळ्यात आधी सुधारतो. आठ-पंधरा दिवसांत रक्तातलं पाणी वाढतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं आणि तेवढंच अंतर सोपं वाटू लागतं. स्नायूंना त्याहून जास्त दिवस लागतात. स्नायू हाडाला बांधून ठेवणाऱ्या दोरीसारख्या शिरा आणि हाडं सगळ्यात मागून येतात, त्यांना महिने लागतात. पळताना दर पावलाला अंगाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो आणि मिनिटाला दीडशे-एकशे साठ पावलं पडतात. तू वीस मिनिटं पळालीस म्हणजे तीन हजारांच्या वर दणके झाले.

हाडाचं तर आणखी वेगळं आहे. नवा भार पडला की हाडातल्या एका जातीच्या पेशी आधी जुनं हाड खरवडून काढतात. मग दुसऱ्या जातीच्या पेशी तिथे नवं हाड भरतात. खरवडायला दोन-तीन आठवडे पुरतात, भरायला तीन-चार महिने जातात. मधल्या काळात ती जागा आधीपेक्षा कच्ची असते. आपण बागेचा गडगा नव्याने रचायला दगड काढून ठेवले होते आणि रात्री त्याच फटीतून गुरं आत शिरली, आठवतंय? तुझ्या नडगीत आत्ता तशी फट पडलेली असू शकते. तुला सोळा दिवस झालेत, म्हणजे नेमकी तीच वेळ आहे. दम म्हणतो पळ, हाड म्हणतं थांब, आणि दमाचा आवाज मोठा असतो.

म्हणून एक दिवस पळ, एक दिवस नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार धर. मधल्या दिवशी झोपून राहायची गरज नाही, अर्धा तास चाल, घरातली कामं कर. पायरीवर उभं राहून टाचा उचलायच्या, दहा-बारा वेळा, सावकाश. त्याने पोटऱ्या मजबूत होतात. पण पळायचं नाही. स्नायूंचं दुखणंही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त जाणवतं, त्यामुळे सकाळी बरं वाटलं म्हणून लगेच निघणं बरोबर नाही.

पळायच्या दिवशीसुद्धा अर्ध्याहून जास्त वेळ चालायचं. जोश क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसाने १९९६ मध्ये नवख्यांसाठी ९ आठवड्यांचा क्रम बसवला. त्यातही आठवड्यातून ३ च दिवस आहेत. पहिल्या आठवड्यात ५ मिनिटं भरभर चालायचं, मग ६० सेकंद पळायचं, ९० सेकंद चालायचं, असं २० मिनिटं. जगभर लाखो माणसं याच वाटेने पळायला शिकली. तू सोळा दिवस सलग पळालीस, त्यामुळे हे तुला फार कमी वाटेल. तरी इथूनच सुरू कर, आणि तेही दुखणं थांबल्यावर. पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, तोच वेग बरोबर. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. दर आठवड्याला थोडंसंच वाढव आणि चौथ्या आठवड्यात उलट कमी कर.

आता नडगीचं. हे वाचून झालं की पलंगावर बस, पाय समोर घे आणि नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत वरून खाली ने, बोटभर अंतरा-अंतराने. वीतभर लांबीत सगळीकडे सारखं ठणकत असेल तर ते हाडाला चिकटलेल्या स्नायूंचं, आवरणाचं दुखणं असतं. काही आठवडे पळणं बंद ठेवलं की बहुतेक वेळा बसतं. पण एका जागी, रुपयाच्या नाण्याएवढ्या ठिकाणी अंगठा ठेवला की कळ डोक्यात जात असेल, रात्री पडल्यावरही दुखत असेल किंवा त्या एका पायावर उडी मारवत नसेल, तर पुढचं एकही पाऊल पळू नकोस. हाडांच्या डॉक्टरांना दाखव. एक्स-रेत काही निघालं नाही तरी दुखणं सांगत राहा, गरज पडली तर एमआरआय करू. खर्चाचं मी बघतो. माझा अंगठा त्या वेळी नेमका एका जागी थांबत होता, बाय, आणि मी तो उचलून दुसरीकडे तेल चोळत होतो.

आईने बजावलंय म्हणून तिचंही लिहितो. पळणं वाढलं आणि जेवण तेवढंच राहिलं तर मुलींची पाळी पुढे जाते, कधी बंदही होते आणि हाडं आणखी कच्ची होतात. वजन उतरलं म्हणून खूश होऊ नकोस. हिमोग्लोबिन तपासून घे. नाचणीचं पीठ तिने डब्यात भरून ठेवलंय, बरोबर सुके बांगडे आहेत, येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतो. रात्री दोनला झोपून पाचला उठलीस तर त्या दिवशी पळू नकोस. झोपेतच अंग भरून निघतं.

इथे सध्या सकाळी सहा-सात पोरं येतात, पोलीस भरतीची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. नवीन आलेल्यांना मी पहिला महिना दिवसाआडच पळवतो. सुरुवातीला रुसतात. आज एकादशी, म्हणजे समुद्राची भरती सव्वाआठची, तिथीच्या आकड्याची, अकराची, पाऊणपट. साडेसहाला पाणी चढत आलं होतं आणि ओली घट्ट वाळू अगदी पट्टाभर उरली होती. सुक्या भुसभुशीत वाळूत पळाले तर पोटऱ्या आणि टाचेच्या शिरेवर ताण येतो, म्हणून आज फक्त चालायला नेलं.

तू शिमग्याला येतेस. पौर्णिमेला भरती सव्वाअकराची, ओहोटी पहाटे पाचच्या सुमारास, म्हणजे उजाडताना किनारा मोठा आणि टणक असेल. तोवर दुखणं गेलेलं असेल तर बूट घेऊन ये. मिनिटभर पळू, दीड मिनिट चालू, सुरूच्या बनापासून दक्षिणेकडे दहा मिनिटं आणि त्याच वाटेने परत. वाळू समुद्राकडे कललेली असते, एकाच दिशेने पळत राहिलं तर एका पायावर जास्त भार येतो. त्याच वाटेने परतलं की तो फिटतो. दुसऱ्या दिवशी ओहोटी पाऊण तास उशिरा लागेल आणि वाळू आणखी चांगली मिळेल. त्या दिवशी आपण नुसते चालत जाऊ, तुझी आईही येईल म्हणते.

अंगठ्याने दाबून बघितलंस की लगेच फोन कर. मी जागा असेन.

तुझा,
बाबा