प्रोग्रॅम आहे, पण मेनूत दिसत नाही

मा. संपादक,

लिनक्सवर बसवलेला प्रोग्रॅम मेनूत दिसला नाही की अनेकजण तो पुन्हा बसवतात. त्याने सहसा काही साधत नाही. मेनू प्रोग्रॅम शोधत नाही, ‘.डेस्कटॉप’ फायली (प्रोग्रॅमचं नाव, चिन्ह आणि तो सुरू करायची आज्ञा लिहिलेल्या छोट्या फायली) वाचतो. त्या ‘/यूएसआर/शेअर/अ‍ॅप्लिकेशन्स’मध्ये असतात, तर आपल्या स्वतःच्या फायली होममधल्या (आपल्या वैयक्तिक फोल्डरमधल्या) ‘.लोकल/शेअर/अ‍ॅप्लिकेशन्स’मध्ये. दोन्हीकडे एकाच नावाची फाइल असेल तर होममधलीच धरली जाते, त्यामुळे तिथे राहून गेलेली जुनी फाइल नव्या फाइलला झाकून टाकते. आधी तीच तपासावी. मग फाइलीत ‘नोडिस्प्ले=ट्रू’ (मेनूत दाखवू नका) ही ओळ आहे का, ‘ट्रायएक्झेक’ या ओळीत लिहिलेला प्रोग्रॅम जागेवर आहे का, ते पाहावं. प्रोग्रॅम सुरू करायची आज्ञा देणाऱ्या ‘एक्झेक’ ओळीत होमसाठी ‘~’ ही खूण चालत नाही, तिथे होमचा पूर्ण पत्ता लिहावा लागतो. प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनी ‘डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट’ या आज्ञेने तपासूनच फाइल द्यावी, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक