दुचाकीत ऑइल ओतण्यापूर्वी डब्याची मागची बाजू वाचावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यानंतर वाहनाची निगा कशी राखावी, याविषयी आपल्या दैनिकात नुकताच आलेला मजकूर वाचला. तो उपयुक्त होता. परंतु ‘इंजिन ऑइल नेहमी उंची दर्जाचे आणि शक्यतो सिंथेटिक वापरावे’ हे त्यातील वाक्य चारचाकी आणि दुचाकी या दोन्हींना एकाच दमात लागू केलेले होते. या वाक्यावर विसंबून कोणी कारचे महागडे ऑइल मोटारसायकलमध्ये ओतले, तर इंजिनाचे काही बिघडो वा न बिघडो, क्लच मात्र घसरू लागण्याची शक्यता मोठी आहे. हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. स्वतःच्या खिशाला कात्री लावून शिकलो आहे.

मुलाच्या कारचे ऑइल बदलल्यावर चार लिटरच्या डब्यात जवळजवळ लिटरभर ऑइल शिल्लक राहिले होते. माझ्या सव्वाशे सीसीच्या मोटारसायकलला लागतेही साधारण तेवढेच. एवढे भारीचे ऑइल वाया कशाला घालवायचे, या काटकसरी विचाराने मी ते दुचाकीत घातले. पहिले काही दिवस गाडी एरवीपेक्षाही मऊ चालली, आणि मी स्वतःवर खूश होतो. पुढच्या एका रविवारी पत्नीला मागे बसवून जोतिबाला निघालो. केर्ली सोडून डोंगराचा चढ लागला, तसे इंजिन नुसतेच रेस होऊ लागले. आवाज चढत होता, गाडी मात्र पुढे ओढत नव्हती. एका वळणावर पत्नीला उतरून चालावे लागले. देवाला जाताना पायी चढणे पुण्याचे, एवढेच तिचे म्हणणे पडले, पण त्या म्हणण्याचा सूर मला कळला.

घराजवळच्या गॅरेजमध्ये क्लचप्लेटा गेल्याचे निदान झाले. प्लेटा आणि स्प्रिंगा नव्या बसल्या. ऑइल ‘ताजेच आहे’ म्हणून स्वच्छ भांड्यात काढून पुन्हा तेच भरले गेले. महिनाभरात दुखणे होते तिथेच आले. अखेर उद्यमनगरातील एका वयस्क मिस्त्रींनी कव्हर उघडण्याआधीच विचारले, ‘‘काका, ऑइल कुठलं घातलंय ते सांगा आधी.’’ मी अभिमानाने सांगितले. ते हसले आणि म्हणाले, ‘‘मग नव्या प्लेटा घालून काय हुतंय? आत तूप ओतल्यागत झालंय.’’

त्यांनी बाहेर काढलेली प्लेट मी हातात घेऊन पाहिली. कडेने बुचासारख्या खरखरीत अस्तराचे चौकोनी तुकडे चिकटवलेले, आणि तुकड्यांच्या मधल्या फटींतून ऑइल निथळत होते. अशा प्लेटा आणि गुळगुळीत पोलादी चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात आणि त्या घर्षणातूनच इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे जाते. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींमध्ये हा सगळा संच इंजिनाच्या ऑइलमध्येच फिरत असतो. म्हणजे एकाच लिटरभर ऑइलला पिस्टन-सिलिंडरचे वंगण करायचे, गिअरच्या दात्यांचा मार सोसायचा आणि वर क्लचची पकडही राखायची, अशी तिहेरी चाकरी करावी लागते. गिअर असलेल्या कारमध्ये क्लच सहसा कोरडा आणि इंजिनापासून वेगळ्या कप्प्यात असतो, त्यामुळे ही अडचण तिथे येत नाही.

म्हणूनच कारसाठी ऑइल बनवणाऱ्यांना मायलेज वाढवण्याकरिता त्यात घर्षण कमी करणारी रसायने, उदाहरणार्थ मॉलिब्डेनमची संयुगे, मोकळ्या हाताने घालता येतात. ही रसायने धातूच्या पृष्ठभागाला चिकटून अतिशय पातळ, निसरडा थर तयार करतात. कारच्या इंजिनाला ते वरदान. परंतु मोटारसायकलच्या क्लचमध्ये प्लेटा दाबल्या जाऊन मधले ऑइल बाहेर सरकते, त्या नेमक्या क्षणी हाच थर पकड बसू देत नाही. प्लेटा घसरतात, घसरल्याने तापतात, तापल्याने अस्तर करपून काचेसारखे गुळगुळीत होते आणि मग त्या अधिकच घसरतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सिंथेटिक ऑइलमुळे क्लच घसरतो, असे अनेक गॅरेजमधून सर्रास सांगितले जाते, ते बरोबर नाही. मूळ तेल खनिज आहे की सिंथेटिक, हा क्लचच्या दृष्टीने दुय्यम प्रश्न आहे; त्यात कोणती रसायने मिसळली आहेत, हे महत्त्वाचे. मोटारसायकलसाठी बनवलेले सिंथेटिक ऑइल क्लचला मुळीच बाधत नाही. उलट, ‘इंजिनाचे आयुष्य वाढवा’ म्हणून बाटलीतून मिळणारी घर्षण कमी करणारी द्रव्ये उत्तम मोटारसायकल ऑइलमध्ये मिसळली, तर त्या ऑइलचा गुण मातीमोल होतो.

हा फरक ग्राहकाला कळावा म्हणून जपानमध्ये 1998 साली चार-स्ट्रोक मोटारसायकलींच्या ऑइलसाठी ‘जासो टी 903’ हे मानक आले. क्लचच्या घर्षणाची चाचणी घेऊन त्यात ऑइलचे ‘एमए’ आणि ‘एमबी’ असे दोन वर्ग केले गेले. 2006 च्या सुधारणेत ‘एमए’चेही ‘एमए1’ आणि ‘एमए2’ असे भाग झाले. ‘एमए2’ची पकड सर्वांत जास्त, ‘एमबी’ची सर्वांत कमी. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा आणि वेगळ्या कप्प्यात असल्याने तिला ‘एमबी’ चालते. ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या मोटारसायकलला, कंपनीच्या पुस्तिकेत निराळे सांगितले नसेल तर, ‘एमए’ किंवा ‘एमए2’च हवे. याउलट डब्यावरील ‘एपीआय’ या अमेरिकी संस्थेच्या गोल चिन्हात खालच्या बाजूस ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ (म्हणजे घर्षण कमी करून इंधन वाचवणारे) असे शब्द असतील, तर ते ऑइल ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या दुचाकीसाठी नव्हे, असे समजावे. माझ्या उरलेल्या डब्यावर ते शब्द ठळक छापलेले होते. मी फक्त किंमत वाचली होती.

20डब्ल्यू-40 किंवा 10डब्ल्यू-30 हे आकडे दाटपणाचे आहेत, क्लचच्या पकडीचे नव्हेत. तरीही पुस्तिकेतील आकडा सोडून मनाने अधिक दाट ऑइल घातले, तर त्याचाही त्रास होतोच, फक्त उलट्या दिशेने: थंडीच्या दिवसांत सकाळी क्लच पूर्ण दाबूनही प्लेटा एकमेकींना चिकटून राहतात, पहिला गिअर टाकताना खट्ट आवाज होऊन गाडी पुढे उडी घेते आणि सिग्नलला उभे असताना न्यूट्रल सापडता सापडत नाही.

क्लच घसरण्याचे कारण प्रत्येक वेळी ऑइलच असते, असे मात्र मी म्हणणार नाही. दाभोळकर कॉर्नरच्या गर्दीत हाफ क्लचवर गाडी रेटत राहण्याची सवय, झिजलेल्या प्लेटा, थकलेल्या स्प्रिंगा आणि ताणून बसवलेली केबल ही कारणे तितकीच खरी आहेत. क्लचच्या दांडीला टोकाशी साधारण 10 ते 20 मिलिमीटर मोकळा प्ले आहे का, हे घरच्या घरी पाहता येते. परंतु प्लेटांचा खर्च करण्यापूर्वी ऑइल कोणते आहे हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत, आणि नेमका तोच विचारला जात नाही.

त्याला आमची पिढीही थोडी जबाबदार आहे. राजदूत, येझदी या जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलींच्या काळात पेट्रोलमध्ये मिसळायचे ऑइल वेगळे आणि गिअरबॉक्सचे वेगळे असे. क्लच त्या दुसऱ्या ऑइलमध्ये असल्याने इंजिनाच्या ऑइलशी त्याचा संबंधच येत नसे. गाड्या बदलल्या, सवय तीच राहिली.

आज शहरातील काही गॅरेजमध्ये ऑइल बॅरलमधून मापाने काढून दिले जाते. ते चांगलेही असेल. परंतु त्याचा वर्ग कोणता, हे ग्राहकाने पाहावे तरी कुठे? गॅरेजचालकांनी सीलबंद डबा ग्राहकासमोर फोडावा, आणि बॅरलमधूनच द्यायचे असेल तर बिलावर दाटपणाच्या आकड्यासोबत ‘एमए’ की ‘एमबी’ हेही लिहावे. आपणही पुढील मजकुरात कार आणि मोटारसायकलच्या ऑइलविषयी स्वतंत्रपणे लिहावे, ही विनंती.

माझ्या गाडीत योग्य ऑइल घातल्यावरही पहिले काही दिवस क्लच किंचित घसरत होता; ते ऑइल लवकर बदलून पुन्हा तसलेच नवे घातल्यावर पकड पूर्ववत आली. दुसऱ्यांदा प्लेटा बदलाव्या लागल्या नाहीत. पत्नी मात्र अजूनही जोतिबाला एस.टी.नेच जाऊ म्हणते.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर